जुन्या लॅपटॉपचा जमाना

मोबाईलवर नेट पळतं, लॅपटॉपवर अडतं, म्हणून मुलासाठी कर्ज काढून नवा लॅपटॉप घेणारे पालक आहेत. आधी थोडा इतिहास पाहू.

वायफायचं पहिलं मानक १९९७ सालचं, वेग २ मेगाबिट. भारतात वायफायसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. मधल्या काळातले बरेच स्वस्त लॅपटॉप फक्त २.४ वर चालतात. या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेख सल्ल्यांच्या दर्ग्यांपासून तांबट आळीपर्यंत कसब्यात घराला घर चिकटलेलं; सगळ्यांचे राउटर याच तीन वाटांवर गर्दी करतात. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती उरलेला सिग्नल खातात.

राउटर ड्युअल बँड असूनही त्याचं ५ चं नाव लॅपटॉपला दिसत नसेल, तर बहुधा अडॅप्टर जुना आहे. लॅपटॉप नव्हे, यूएसबीचा ड्युअल बँड अडॅप्टर घ्या. नाव दिसत असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. अपडेटनंतरच वेग पडला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणा. तिथेच वीज वाचवण्यासाठी अडॅप्टर बंद करण्याची परवानगी काढून टाका.

यंत्र मोडीत काढण्याआधी त्याचा जमाना विचारावा.