फ्रीनेट
निनावीपणे फाइली ठेवण्यासाठी व मिळवण्यासाठी तयार झालेली मुक्तस्रोत संगणकप्रणाली. इयन क्लार्क यांनी एडिंबरो विद्यापीठात शिकत असताना १९९९ मध्ये लिहिलेल्या अहवालात तिची कल्पना मांडली. २००० मध्ये स्वयंसेवकांच्या मदतीने पहिली आवृत्ती आली. फाइलीचे सांकेतिक तुकडे सहभागी संगणकांवर विखुरले जातात. प्रत्येक संगणक आलेली मागणी शेजारच्याकडे सरकवतो. ती मुळात कोणाची, हे शेजारच्याला सहज कळत नाही. आपल्या डिस्कवर काय साठले आहे, हे खुद्द मालकालाही सहसा ठाऊक नसते. या रचनेचे खरे धाडस येथेच आहे. २००८ च्या ०.७ आवृत्तीत केवळ ओळखीच्यांशी जोडून घेण्याची सोय झाली. जावा भाषेतील ही प्रणाली स्वयंसेवकांचे श्रम आणि देणग्या यांवर वाढली. २०२३ पासून ती हायफानेट म्हणून ओळखली जाते. जुने नाव क्लार्क यांच्या नव्या प्रकल्पाकडे गेले.