तेरा गाड्या, चालक शून्य

कोल्हापुरातली अभियांत्रिकीची मुलं रिमोटच्या गाडीवर कॅमेरा आणि रास्पबेरी पाय बसवून ती आपली आपण पळवायचा प्रोजेक्ट घेतात, तेव्हा सल्ला मागायला येतात. सल्ल्याऐवजी मी त्यांना एक घटनाक्रम सांगतो. जागा कॅलिफोर्नियातलं मोहावी वाळवंट, तारीख 13 मार्च 2004. अंतर 142 मैल, म्हणजे सुमारे 228 किलोमीटर. कोल्हापूरच्या तावडे हॉटेलच्या चौकातून निघून पुणं गाठण्याएवढं. मुदत दहा तास, बक्षीस दहा लाख डॉलर. गाडीत माणूस बसवायचा नाही, लांबून स्टिअरिंग फिरवायचं नाही. गाडी बंद पाडायचं बटण तेवढं आयोजकांच्या हातात.

आयोजक डार्पा, अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था. 2015 पर्यंत लष्कराची एक तृतीयांश लढाऊ वाहनं बिनचालकाची करायची, असं तिथल्या संसदेनं ठरवून टाकलं होतं. मग कॉलेजं, गॅरेजवाले, हौशी लोक, सगळ्यांनाच आवतण गेलं.

काही दिवस आधी

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘रेड टीम’ सगळ्यांत तगडी. म्होरक्या प्राध्यापक रेड व्हिटेकर, राबणारे बरेचसे विद्यार्थी. गाडी 1986 ची लष्करी हमवी, नाव ‘सँडस्टॉर्म’. टपावर लेझर आणि कॅमेऱ्यांचा डोलारा. शर्यत तोंडावर आलेली असताना चाचणीत ही गाडी वळणावर उलटली आणि नेमका डोलाराच चेपला.

पोरांनी रात्रीचा दिवस करून गाडी उभी केली. पण दुरुस्ती वेगळी आणि कॅलिब्रेशन वेगळं. डोळे परत बसवता येतात. ते कुठं आणि कोणत्या कोनात बसलेत हे गाडीला नव्यानं शिकवायला वेळ लागतो, आणि तोच उरला नव्हता. आपल्या हातभर गाडीचंही तेच. कॅमेऱ्याचा स्टँड उद्यमनगरातून लेथवर कितीही फक्कड करून आणा. गाडी एकदा भिंतीला धडकून कोन दोन अंश सरकला की आधी पढवलेलं सगळं पाण्यात. माझ्या मते सँडस्टॉर्मची शर्यत तिथंच निम्मी संपली होती.

8 ते 12 मार्च

फोंटानाच्या रेसट्रॅकवर चाळणी परीक्षा. पंधरा गाड्या निवडल्या. त्यांत पॅलोस व्हर्डेसच्या हायस्कूलच्या पोरांचीही एक. पुढं दोघांनी ऐनवेळी माघार घेतली, उरल्या तेरा.

13 मार्च, पहाटे 4:30

कोल्हापुरात संध्याकाळचे सहा. त्या दिवशी आपल्याकडं कुणाला वाळवंटाची पडली होती? कराचीत भारतानं 349 धावा ठोकून पाकिस्तानला जेमतेम 5 धावांनी हरवलं होतं.

इकडं बारस्टो गावाबाहेर आयोजकांनी संघांच्या हातात एकेक सीडी ठेवली. तिच्यात रस्त्याचे जीपीएस बिंदू, दोन हजारांच्या वर. तोवर मार्ग कुणालाच ठाऊक नव्हता. रेड टीमनं ट्रेलरमध्ये संगणकांपुढं माणसं बसवली होती. त्यांनी दोन तासांत नकाशे आणि हवाई छायाचित्रं बघत बिंदूंमधली वाट हातानं रेखली, कुठं किती वेग ठेवायचा ते भरलं. म्हणजे चालक नसलेल्या गाडीचं बरंचसं चालवणं माणसांनी आधीच उरकलं होतं. ही लबाडी नव्हे, नियमात बसणारी हुशारी होती. फक्त अशी गाडी नकाशावर जास्त विसंबते आणि डोळ्यांवर कमी.

6:30

सँडस्टॉर्म सुटली. पहिली काही मिनिटं बघणाऱ्यांना वाटलं, आता ही थांबत नाही.

त्यानंतरची काही मिनिटं

मागून ठरावीक अंतरानं एकेक गाडी सोडली जात होती आणि एकेकीची माशी शिंकत होती. व्हर्जिनिया टेकचे ब्रेक जागीच जाम. एक्सियनची गाडी सुरुवातीच्या पटांगणातच गिरकी घेऊन उलट्या तोंडानं उभी. हायस्कूलच्या पोरांची गाडी तिथल्याच भिंतीवर. एन्स्कोची झोकात निघाली आणि तीनशे मीटरवरच्या पहिल्या काटकोनी वळणाला उलटली. सिमारची तारेत गुरफटली. कॅलटेकची दोन किलोमीटरवर कुंपण फोडून बाहेर पडली. परत आत यायचं तर मध्ये तेच कुंपण!

टेरामॅक्स हा अजस्र सहाचाकी ट्रक. कडेला झुडूप दिसलं की मागं यायचा, सावरायचा, पुढं जायचा, पुन्हा झुडूप. असं करत दोन किलोमीटरही झाले नाहीत. तो घाबरला असं आपण म्हणतो, पण त्याला ‘अडथळा’ एवढंच माहीत होतं, झुडूप आणि खडक यांतला फरक कुणी शिकवला नव्हता.

सातच्या सुमारास, 7.4 मैल

डॅगेट रिजच्या घाटातलं नागमोडी वळण. सँडस्टॉर्म आतल्या अंगाला सरकली, चाक कडेवरून सुटलं आणि गाडीचं पोट मातीच्या बांधावर टेकलं. माणूस असता तर त्यानं पाय काढला असता. हिच्या आज्ञावलीत पुढं जायचं होतं, म्हणून ती चाकं फिरवत राहिली, पुढच्या टायरचं रबर पेटेपर्यंत. लोकांनी आग विझवली, आयोजकांनी बटण दाबलं.

अंतर बारा किलोमीटरसुद्धा नाही. तावडे हॉटेलपासून तेवढ्यात शिरोलीची एमआयडीसी मागं पडली असती. किणीचा टोलनाका अजून लांब होता. आणि हा त्या दिवसाचा उच्चांक.

नंतरचे तास

सायऑटॉनिक्सची एक गाडी 6.7 मैलांवर दरडीत रुतली. गोलेमची चढावर थांबली, इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चढ चढण्याइतका थ्रॉटल द्यायची अक्कल नव्हती. पन्नास मिनिटं वाट पाहून तिला बंद केलं.

मला सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती ‘डॅड’ संघाची. त्यांची गाडी सहा मैलांवर धड चालत होती. अडकलेली गाडी ओढणाऱ्या क्रेनला वाट द्यायची म्हणून आयोजकांनी तिला थांबवलं. परत सोडली तेव्हा ती फुटबॉलएवढ्या दगडावर अडली आणि हललीच नाही. याच संघाच्या डेव्ह हॉलनं पुढं 64 किरणांचा गरगर फिरणारा लेझर बनवला. डार्पाच्याच 2007 च्या शर्यतीत तो बहुतेक मातब्बरांच्या टपावर होता.

शर्यतीचं दुसरं टोक नेवाडातलं प्रिम. तिथं एकही गाडी पोहोचली नाही. दहा लाख डॉलर डार्पाच्याच खिशात राहिले.

दीड वर्षानंतर

8 ऑक्टोबर 2005 ला बक्षीस वीस लाखांचं झालं होतं, वाट 132 मैलांची, आणि पाच गाड्या पोहोचल्या. पहिली स्टॅनफर्डची ‘स्टॅनली’, 6 तास 54 मिनिटांत. सँडस्टॉर्म अकरा मिनिटांनी मागं. तिची जुळी ‘हायलँडर’ जिंकणार अशी सगळ्यांची खात्री होती, पण वाटेत तिचं इंजिन दम टाकू लागलं आणि ती तिसरी आली. कारण कुणालाच सापडेना. घोडं कुठं पेंड खात होतं ते 2017 मध्ये, जुनी मंडळी त्या गाडीभोवती जमली तेव्हा कळलं: इंजिनाचा नियंत्रक आणि इंधनाचे इंजेक्टर यांच्यामधला एक छोटासा विद्युत फिल्टर, त्यावर दाब पडला की इंजिन मरगळायचं. शर्यतीच्या काही आठवडे आधी हायलँडरही चाचणीत उलटली होती.