नेटवर्क-बूट इमेज

नेटवर्क-बूट इमेज : क्लस्टरमधला कॉम्प्युट नोड स्वतःच्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून जी लिनक्स प्रणाली उतरवून घेऊन सुरू होतो, तिचा बांधलेला संच. नोड चालू होताच त्याचे नेटवर्क कार्ड पीएक्सई पद्धतीने डीएचसीपीकडून पत्ता घेते, टीएफटीपीवरून छोटा बूटलोडर आणते. पुढे कर्नल आणि इमेज येते. इमेज बहुधा रॅममध्येच उलगडते. त्यामुळे नोडवर हाताने केलेली दुरुस्ती रीबूटबरोबर पुसली जाते. टिकाऊ बदल करायचा तर तो इमेजमध्येच.

नासाच्या गॉडर्ड केंद्रात १९९४ मध्ये टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी उभारलेला बेवुल्फ क्लस्टर १६ नोडचा होता. नोड शेकड्यांनी वाढल्यावर प्रत्येक डिस्कवरची लिनक्स वेगळी सांभाळणे जिकिरीचे झाले. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत ग्रेगरी कर्टझर यांनी २००१ मध्ये वेअरवुल्फ हे सॉफ्टवेअर सुरू केले ते यासाठी. नावातला बेवुल्फ लपत नाही. आयबीएममध्ये सुरू झालेले एक्सकॅटही याच कामाचे.

इमेजचे मूळ म्हणजे मुख्य (क्लस्टर सांभाळणाऱ्या) नोडवरची एक डिरेक्टरी. तिच्यात अख्खी लिनक्स मांडलेली असते. सीएचरूट करून (त्या डिरेक्टरीलाच मूळ मानून) आत शिरायचे, पॅकेजे बसवायची, सेवा ‘एनेबल’ करायच्या (तिथे त्या सुरू मात्र होत नाहीत) आणि इमेज पुन्हा बांधायची. वेअरवुल्फच्या चौथ्या आवृत्तीत हाच साचा कंटेनर म्हणूनही आयात करता येतो.

खरी फसगत कर्नलशी होते. सीएचरूटमध्ये ‘यूनेम’ आज्ञा मुख्य नोडचाच कर्नल सांगते, कारण चालू कर्नल तोच असतो. जीपीयूचा ड्रायव्हर त्यावर विसंबून बांधला, तर इमेजमधला कर्नल वेगळा असल्यास ड्रायव्हर नोडवर चढत नाही. इमेजमधल्या कर्नलची आवृत्ती स्पष्ट सांगूनच तो बांधावा. मशीन-आयडीची फाइलही रिकामी ठेवावी, नाहीतर सगळे नोड एकच ओळख मिरवतात. स्लर्म (जॉब वाटणारी सेवा) आणि मंज (ओळख पडताळणारी सेवा) यांचे यूआयडी मुख्य नोडशी जुळवून घ्यावेत.

नोडगणिक बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे होस्टनाव, आयपी पत्ता, इन्फिनिबँडची मांडणी, इमेजमध्ये कोंबणे हा आळस आहे. त्यांच्यासाठी ओव्हरले असतात : इमेजवर चढवलेला साच्यांचा पातळ थर. वेअरवुल्फमध्ये सिस्टिम ओव्हरले बूटच्या वेळी लागतो, रनटाइम ओव्हरले नोड चालू असताना ठरावीक अंतराने पुन्हा आणला जातो. वापरकर्त्यांच्या याद्या या दुसऱ्या थरात ठेवणे सोयीचे.

रॅममध्ये उलगडलेल्या इमेजचा प्रत्येक जीबी जॉबच्या मेमरीतून वजा होतो. म्हणून मॅन पाने, भाषांच्या फाइली, दस्तऐवज वगळतात. कंपायलर आणि मोठी सॉफ्टवेअरे एनएफएसवरून देतात.

नवी इमेज बांधून झाली तरी चालू नोड जुन्यावरच राहतात. आधी स्लर्ममध्ये नोड ‘ड्रेन’ करून चालू जॉब संपू देतात आणि मगच रीबूट करतात.