निफाडचा गारठा

डिसेंबर २०१८मध्ये निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांखाली गेला आणि निफाडची थंडी बातमीत आली. आमच्या आजीला ती कधीचीच ठाऊक. पौषात घरात बाळंतीण असली की बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-बाळंतशेपांची धुरी. बाळाला तेल चोळून कढत पाण्याची आंघोळ, मग कानांवरून कुंची. थोरली पोरं जुन्या लुगड्यांच्या एकाच गोधडीत तिघं-तिघं. दारं लावलेली, त्यामुळे धूर कोंडायचा, तान्ही खोकायची. ‘धूर परवडला, गारठा नको,’ आजी म्हणायची. वीज आली, घरातली शेगडी गेली. आता शेकोट्या पेटतात त्या द्राक्षबागांत, मणी तडकू नयेत म्हणून. आजी तान्ह्यासाठी पहाटे उठायची, वडील घडांसाठी उठतात.