सुटें कडें

जुन्या वस्तूचें नांव ती वस्तु स्वतः सांगत नाहीं; तें तिच्या शेजाऱ्यांना विचारावें लागतें. खापराचा तुकडा जमिनीच्या कोणत्या थरांत सांपडला हें ठाऊक नसेल, तर संशोधकाच्या हातीं निव्वळ भाजलेली माती उरते. यंत्रांच्या इतिहासालाही हाच न्याय लागू पडतो. ‘बुलेट’ मोटारसायकलचें जुन्या घडणीचें एंजिन खोलणाऱ्यास याचा प्रत्यय येतो.

रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्याची ही गाडी. १९५५ सालीं मद्रासेंत एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. पुढें १९७० सालीं विलायतेंतील मूळ कंपनी बंद पडली, तरी आपल्याकडे त्याच घडणीचें एंजिन अनेक दशकें निघत राहिलें. या एंजिनांत कनेक्टिंग रॉडचें मोठें टोंक क्रॅंकच्या खुंटीवरून उतरविलें, कीं मधून एक पोलादी कडें घरंगळतें. त्यावर मऊ, पांढुरक्या धातूचा थर असतो व अंगांत भोकें असतात. तें ना रॉडला जखडलेलें, ना खुंटीला. मूळची घट्ट बसविलेली वस्तु झिजून सैल झाली, असा तर्क सहज होतो. परंतु झीज एका अंगास अधिक व दुसऱ्यास कमी दिसावयास हवी. येथें आंतबाहेर दोन्ही अंगें सारखींच गुळगुळीत! शिवाय खुंटीच्या पोटांतून वंगण येण्याची वाट आहे, आणि कड्याचीं भोकें तें बाहेरच्या अंगास पोंचवितात. याचा अर्थ एकच : सैलपणा हा या कड्याचा दोष नसून धर्म आहे.

हा धर्म समजण्यासाठीं १८८३ सालाकडे वळलें पाहिजे. बोशँ टॉवर हा इंग्रज एंजिनिअर तेव्हां आंसाच्या घर्षणाचे प्रयोग करीत होता. आंस खालून तेलांत बुडालेला व वरून पितळेच्या बेअरिंगनें दाबलेला असे. तेल घालण्यासाठीं त्यानें बेअरिंगच्या माथ्यावर भोंक पाडलें, तों आंस फिरूं लागतांच तेल उलट त्यांतूनच वर येऊं लागलें. त्यानें लांकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग त्यानें दाबमापक लावला. बेअरिंगवरील सरासरी भार चौरस इंचास १०० पौंड. पण कांटा २०० ची मर्यादाही ओलांडून गेला. फिरणारा आंस धातूवर घासत नाहीं, तो स्वतःच ओढून आणलेल्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, हें यावरून उघड झालें. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनें १८८६ सालीं त्याचें गणित मांडलें.

आतां कड्याचें कोडें उलगडतें. त्याच्या आंत एक पापुद्रा, बाहेर दुसरा. खुंटी त्यास ओढते, रॉड त्यास अडवितो. म्हणून तें दोहोंच्या मधल्या वेगानें फिरतें, आणि एका जागीं पडावयाचें घर्षण दोन जागीं वांटलें जातें. वरचा मऊ धातु आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराच्या १८३९ च्या पेटंटाच्या कुळांतला : कथील, अँटिमनी व तांबें यांचें मिश्रण. तेलांतील बारीक कण तो आपल्या अंगांत रुतवून घेतो व खुंटीचें पोलाद वांचवितो.

हें न जाणणाऱ्या मिस्त्रीनें सदिच्छेनें तें कडें घट्ट बसविलें, तर तेलाची जागाच नाहींशी होईल; मऊ धातु तापून वितळेल आणि एंजिन जखडेल. सुधारणेच्या हेतूनेंच नाश ओढवेल. म्हणून एखादी रचना आपणांस ढिली वा निरर्थक वाटली, तर ती आवळण्यापूर्वीं तिच्या दोन्ही बाजूंस काय आहे तें पाहावें. जुन्या लोकांनीं मोकळी ठेवलेली जागा पुष्कळदां रिकामी नसते. त्यांतून वंगण वाहत असतें.