ऐन

ऐन : (हिं. आसन, साज, क. मत्ती, लॅ. टर्मिनॅलिया एलिप्टिका, कुल-काँब्रीटेसी). सह्याद्रीच्या पानझडी जंगलातील मोठा वृक्ष. अर्जुन, हिरडा व बेहडा हे याच प्रजातीतील. मुळशी तालुक्यात माण-हिंजवडीच्या पश्चिमेला पाऊस वाढत जातो, तसा डोंगरउतारांवर ऐन दिसू लागतो. हिमालयात ओकच्या जातींचे जे स्थान, साधारण तेच इथे ऐनाचे. ओक महाराष्ट्रात निसर्गतः उगवत नाही.

झाड सुमारे ३० मी. पर्यंत वाढते. करडी-काळपट साल खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेली, मगरीच्या पाठीसारखी दिसते. पानाच्या मागे देठाजवळ मध्यशिरेवर ग्रंथी असतात. ओळखीची ही पक्की खूण. मे-जूनमध्ये बारीक, पिवळसर पांढरी फुले येतात. फळाला पाच पंख असल्याने ते वाऱ्यावर दूर जाते.

परिसंस्थेतील स्थान : जाड सालीमुळे ऐन वणव्यात तग धरतो. याच खडबडीत सालीवर सीतेची वेणी व इतर आमरी मूळ धरतात. फुलांवर कीटक येतात. गळलेला पाला कुजून उतारावरची माती बांधतो. टसर रेशमाचा पतंग ऐनाच्या पानांवर वाढतो. गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा जिल्ह्यांत ढिवर समाजातील अनेक कुटुंबे या झाडांवर अळ्या सोडून कोष काढतात. हिमालय व मणिपूरमधील टसर मात्र ओकच्या पाल्यावर पोसले जाते.

उपयोग : लाकूड कठीण व जड असून खांब, तुळया, बैलगाड्या व शेतीच्या अवजारांसाठी वापरतात. साल कातडी कमावण्यास उपयोगी पडते. मावळ-मुळशीतील भातशेतीत ऐनाच्या फांद्या तोडून त्यांचा राब करतात : पालापाचोळा, शेण व माती यांसह तो रोपाच्या वाफ्यावर जाळतात. त्यामुळे तणाचे बी मरते व राख खत होते.

संवर्धन : फांद्या दरसाल तोडल्यास झाड खुरटते व त्याला बी कमी धरते, म्हणून तोडीत काही वर्षांचे अंतर ठेवणे आणि जुनी झाडे बियांसाठी राखणे आवश्यक आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे माणचा परिसर शहर बनला आहे. तेथील टेकड्यांवर परदेशी गिरिपुष्पाऐवजी मूळचा ऐन लावणे केव्हाही हिताचे.