स्वमग्न मुले आणि त्यांना शिकविणाऱ्यांचा दाखला



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मी यापूर्वी दोनदा लिहिले. एकदा ओल्या हळदीच्या लोणच्यावर व एकदा नरसीच्या यात्रेवर. यंदा विषय निराळा घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; इंग्रजी पुस्तके मला वाचता येत नाहीत. या लेखातील पुष्कळशी माहिती माझ्या भाचीने वाचून सांगितली व मी ती वहीत उतरून घेतली. काही तालुक्याच्या शाळेतील विशेष शिक्षिकाबाईंनी समजावून दिली. चूकभूल असल्यास ती माझ्या समजुतीची धरावी.

निमित्त असे झाले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला माझी धाकटी जाऊ आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मूल कोणाकडे पाहात नव्हते. भिजवलेले हरभरे एका ओळीत मांडीत बसले होते, आणि कोणाचा पाय लागून ओळ मोडली की कानांवर हात ठेवून ओरडत होते. तेव्हा आपल्यापैकीच एक बाई सहज बोलून गेल्या, "आईने लहानपणी जवळ घेतले नसेल, म्हणून असे झाले." जाऊ पन्हे तसेच ठेवून उठली. बोलणारीचा हेतू वाईट नव्हता, हे मी जाणते. हे बोलणे आपल्या गल्लीतलेच आहे असे मी समजत होते. परंतु हेच वाक्य अमेरिकेत मोठमोठ्या पदांवरील माणसांनी वीस-पंचवीस वर्षे लिहिले, छापले आणि त्यावर मानमरातब मिळविला, हे मला पुढे कळले. आणि ज्याने ते सर्वांत मोठ्याने सांगितले, त्याच्याजवळ ते सांगण्यापुरते शिक्षणच नव्हते! ती हकीकत आपल्या कानांवर घालावी म्हणून हा प्रपंच.

या मुलांची पहिली नीट नोंद 1943 साली झाली. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी डॉ. लिओ कॅनर म्हणून मुलांच्या मनाचे डॉक्टर होते. त्यांनी अकरा मुलांची हकीकत छापली. आठ मुलगे व तीन मुली. ही मुले माणसांत असून माणसांत नसत, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करीत, आणि घरातली वस्तू इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे. त्यांतील पहिल्या मुलाच्या वडिलांनी डॉक्टरांना आधी तेहतीस पानांचे पत्र लिहून पाठविले होते. मूल काय खाते, काय पाठ म्हणते, कोणत्या वस्तू गरगर फिरवीत बसते, सारे त्यात होते. म्हणजे या शास्त्राचे पहिले पान एका बापाने लिहिले, असे म्हटले तरी चालेल. कॅनर यांनी या अवस्थेला 'ऑटिझम' हा आधीपासून प्रचारात असलेला शब्द लावला. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून आपल्याकडे स्वमग्नता हा शब्द आला.

कॅनर यांनी त्याच लेखात दोन गोष्टी लिहिल्या. एक, की हे मुलांच्या जन्मापासूनचे असावे. दुसरी, की या मुलांच्या आईबापांत मायेचा ओलावा कमी दिसला. लोकांनी पहिली सोडली आणि दुसरी उचलली. मग 'रेफ्रिजरेटर आई' असा शब्दच निघाला. फ्रिजसारखी थंड आई! ज्या बाईने रात्र रात्र मूल खांद्यावर टाकून येरझारा घातल्या, तिला हे नाव.

हे मत ज्यांनी सर्वत्र पसरविले ते ब्रुनो बेटेलहाइम. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. हिटलरच्या छळछावण्यांतून सुटून 1939 मध्ये अमेरिकेत आले. 1944 पासून 1973 पर्यंत ते शिकागो विद्यापीठाच्या मुलांच्या निवासी शाळेचे प्रमुख होते. 1967 साली त्यांचे 'द एम्प्टी फोर्ट्रेस' म्हणजे रिकामा किल्ला या नावाचे पुस्तक निघाले. आईची माया नसल्याने मूल किल्ल्यात जाऊन बसते, तेव्हा त्याला आईपासून दूर ठेवावे, असा त्यांचा रोख होता. लोकांनी ते मानले. कित्येक आयांनी आपली मुले दूर ठेवली व जन्मभर मनाला लावून घेतले. बेटेलहाइम 1990 साली वारले. त्यानंतर त्यांच्या शाळेतील जुनी मुले पुढे येऊन सांगू लागली की ते मारीत असत. पुढे त्यांचे चरित्र लिहिणाऱ्यांनी कागदपत्रे तपासली. त्यांची डॉक्टरेट खरी होती, पण ती तत्त्वज्ञानातली, कलासौंदर्यावरची होती. मानसशास्त्राचे जे शिक्षण आपण घेतल्याचे ते भासवीत, ते त्यांनी घेतलेलेच नव्हते.

हे ऐकून मी भाचीला म्हटले, "इतकी वर्षे कोणी कागद पाहिलाच नाही का?" ती म्हणाली, "मावशी, एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला कागद कोण विचारणार?"

या मतावर पहिला मोठा घाव एका बापानेच घातला. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकेच्या आरमारात मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. 1964 साली त्यांनी पुस्तक लिहून दाखविले की दोष आईच्या मायेत नाही, मेंदूच्या घडणीत आहे. त्या पुस्तकाला प्रस्तावना खुद्द कॅनर यांनी दिली. पुढल्याच वर्षी रिमलंड यांनी आईबापांची संघटना उभी केली. 1969 साली त्या संघटनेच्या सभेत कॅनर यांनी आईबापांना निर्दोष ठरवीत असल्याचे उघड सांगितले. मग 1977 मध्ये इंग्लंडात एकवीस जुळ्या जोड्यांचा अभ्यास झाला आणि हे बरेचसे रक्तातून येते हे दिसून आले. आपल्या चैत्रातल्या वाक्याचा निकाल असा कधीच लागलेला आहे.

आता उपचाराचे. हा आजार औषधाने जात नाही. तो तापासारखा आजारही नव्हे. मुलाला बोलणे, जेवणे, कपडे घालणे, थांबणे हे लहान लहान पायऱ्या पाडून शिकवावे लागते. या पद्धतीला वर्तनोपचार म्हणतात. 1964 साली छापलेली एका लहान मुलाची हकीकत मला फार आवडली. कागदोपत्री त्याचे नाव डिकी. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील भिंगे काढली होती आणि चष्मा लावला नाही तर दृष्टी जाण्याचे भय होते. चष्मा तर तो फेकून देई. तेव्हा शिकविणाऱ्यांनी आधी नुसत्या काचेविना चौकटी खोलीत ठेवल्या. उचलली की बक्षीस, डोळ्यांजवळ नेली की बक्षीस. मिठाई व फळांच्या तुकड्यांनी फारसे जमेना, तेव्हा न्याहारीचे घासच बक्षीस म्हणून दिले. अखेर तो दिवसाचे बारा तास चष्मा लावू लागला. (मुलाच्या घासाची अशी अडवणूक मला स्वतःला पटत नाही. पण त्याचे डोळे वाचले, हेही खरे.)

पुढे याच पद्धतीचे मोठे नाव झाले ते कॅलिफोर्नियातील इवार लोवास यांचे. त्यांनी आरंभीच्या काळात मुलांना चापट्या मारल्या, विजेचे झटकेही दिले. 1965 साली एका मोठ्या साप्ताहिकात त्याची छायाचित्रे आली होती. 1987 मध्ये त्यांनी छापले की आठवड्याला चाळीस तास शिकविलेल्या एकोणीस मुलांपैकी नऊ मुले साध्या शाळेत पहिलीच्या वर्गात इतरांसारखी बसू शकली. त्या अभ्यासातील मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, म्हणून पुष्कळांनी त्यावर शंका घेतली. पण आईबापांच्या कानी नऊ हा आकडा गेला तो गेला. जिकडे तिकडे शिकविणाऱ्यांना मागणी आली आणि कोणीही पाट्या लावू लागले. तेव्हा 1998 साली अमेरिकेत या कामाचे दाखले देणारे मंडळ निघाले. तेथे वरच्या दर्जाच्या माणसाला पदव्युत्तर शिक्षण लागते. 2014 पासून खालच्या दर्जाचा मदतनीसही आला. त्याला शाळेचे शिक्षण व चाळीस तासांचा वर्ग पुरतो, मात्र त्याने वरच्याच्या देखरेखीशिवाय काम करायचे नाही. हे देखरेखीचे कलम मी वहीत दोनदा अधोरेखित केले आहे. शिवाय 2023 च्या आरंभापासून ते मंडळ मोजके देश सोडून बाहेरचे नवे अर्ज घेत नाही.

हे सर्व मी का शोधीत बसले ते आता सांगते. दोन वर्षांपूर्वी जाऊ व दीर मुलाला एका मोठ्या शहरातील केंद्रात नेऊ लागले होते. महिन्याला बारा हजार रुपये, प्रवास वेगळा. त्या वर्षीच्या हळदीचा निम्मा पैसा त्यात गेला. भिंतीवर सोनेरी शिक्क्याचे इंग्रजी प्रमाणपत्र होते. आत कोणाला घेत नसत. जाऊ एकदा मला म्हणाली, "ताई, दार लावून घेतात. तो आतून ओरडतो आणि मी बाहेर बाकावर बसते." सातव्या महिन्यात मुलाच्या दंडावर वळ दिसले. मग मी बरोबर गेले व भाचीलाही नेले. तिने भिंतीवरचा कागद वाचला. तो फोनवर घेतलेल्या तीन दिवसांच्या वर्गाचा होता. मुलाला हाताळणाऱ्या पोरीला तर कोणी दाखविलेले नव्हते की वर कोणी देखरेखीला नव्हते. आमचे पैसे गेले, त्याचे मला तितकेसे दुःख नाही. मूल चार महिने कोणाला हात लावू देईना.

आपल्या देशात याबद्दल कायदा आहे हे आम्हांला ठाऊकच नव्हते. भारतीय पुनर्वास परिषद 1986 मध्ये संस्था म्हणून निघाली, 1992 मध्ये तिचा कायदा झाला आणि 22 जून 1993 पासून तिला कायद्याचे अधिकार मिळाले. विशेष शिक्षक, बोलणे शिकविणारे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशांची नोंद तिच्या रजिस्टरात असावी लागते व प्रत्येकाला नंबर मिळतो. नोंदीविना हे काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हजार रुपये! बारा हजार महिना घेणाऱ्याला हजाराची काय भीती, हे माझे मत मी येथे लिहून ठेवते. आणखी एक मेख अशी की त्या यादीत विशेष शिक्षक आहे, मानसशास्त्रज्ञ आहे, पण 'बिहेवियर थेरपिस्ट' असा वेगळा व्यवसाय नाही. म्हणून पाटीवर नेमके तेच लिहिलेले आढळते. 2021 साली संबंधित आरोग्य व्यवसायांचा जो नवा कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात 'वर्तन विश्लेषक' हे नाव प्रथमच आले.

परंतु नुसत्या कागदानेच सर्व होते असेही मला म्हणावयाचे नाही. दिल्लीच्या मेरी बरुआ यांचा मुलगा स्वमग्न. हे काम सुरू करताना त्या आधी आईच होत्या. त्यांनी 1991 मध्ये 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था काढली, शिक्षक तयार केले, आणि पुढे स्वमग्न मुलांच्या शिक्षकांची पदविका परिषदेच्या मान्यतेने शिकविली जाऊ लागली. म्हणजे आईपासून निघालेले ज्ञान अखेरीस दाखल्यापर्यंत गेले. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरास अंबिका टाकळकर यांनीही स्वतःच्या मुलापासून सुरुवात करून 'आरंभ' संस्था उभी केली आहे. उलट बेटेलहाइमजवळ पद होते, विद्यापीठ होते. आयांचे ऐकून घेण्याची तयारी नव्हती. मोठी झालेली स्वमग्न माणसेही आता लिहू लागली आहेत. डोळ्याला डोळा भिडवायला आम्हांस जबरीने लावले, त्याचा त्रास अजून होतो, असे त्यांतील पुष्कळजण सांगतात. तेव्हा दाखला पाहावा आणि दारही उघडे आहे की नाही ते पाहावे.

शिक्षिकाबाईंच्या सल्ल्याने आम्ही शेवटी सिकंदराबादला गेलो. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळी, निजामाच्या अमलात, मोठे काम निघाले की हैदराबादचीच वाट धरीत. आम्हीही पूर्णा-नांदेडावरून त्याच वाटेने गेलो. तेथे 1984 साली स्थापन झालेली केंद्र सरकारची बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. स्वमग्नता मोजण्याची भारतीय प्रश्नावली 2009 मध्ये तेथेच तयार झाली. तिच्यात चाळीस प्रश्न आहेत व प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली आली तर स्वमग्नता नाही, एकशे सहापर्यंत सौम्य, एकशे त्रेपन्नपर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. सरकारी प्रमाणपत्रासाठी 2016 पासून हीच धरतात. त्याच वर्षी झालेल्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत स्वमग्नता आहे.

तेथल्या बाईंनी जावेला बाहेर बाकावर बसविले नाही. जवळ बसवून घेतले आणि म्हणाल्या, "दिवसभर मूल तुमच्याजवळ असणार, मग शिकायचे कोणी?" तांब्यात पाणी भरणे हे काम त्यांनी सात पायऱ्यांत मोडून दाखविले. जावेने ते घरी येऊन दीड महिना केले. आता मूल स्वतः तांब्या भरून आणते व माझ्या पुढ्यात ठेवते. माझ्याकडे पाहात नाही, पण ठेवते माझ्याच पुढ्यात.

अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी करणारे सरकारी पथक येते, हेही नमूद करते. ती योजना 2013 साली आपल्या राज्यातील पालघरहूनच सुरू झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा पथकाने यावे असा नेम आहे. मूल दोन वर्षांचे होऊन नावाला ओ देत नसेल, बोट करून वस्तू दाखवीत नसेल, तर त्या दिवशी मूल घरी न ठेवता पथकासमोर अवश्य न्यावे.

गेल्या महिन्यात गावातच एक नव्या शिक्षिका घरी येऊन शिकवावयास तयार झाल्या. जावेने चहा टाकण्याआधी नोंदणीचा नंबर विचारला. मला जरा संकोच वाटला, पण बाईंनी हसून पर्समधून कार्ड काढून दिले. भाचीने परिषदेच्या यादीत नंबर ताडून पाहिला. तो बरोबर निघाला. त्या कार्डाची झेरॉक्स जावेकडे आहे. हे कार्ड कसे असते ते ज्या भगिनींना पाहावयाचे असेल त्यांनी दुपारी तीननंतर यावे. त्याआधी मुलाचे शिकणे चालू असते.